चकाकीची रुजुवात

संग्रहाचा नाद हे सभ्य माणसाचे व्यसन मानले गेले आहे. नाणी, तिकिटे, समया, जुन्या पोथ्या यांपैकी कशाचाही ज्याला नाद लागला, त्याच्या घरची मंडळी वगळली तर त्याच्याविषयी कोणाची फारशी फिर्याद नसते. उलट पुण्याचे दिनकर केळकर ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत असत ही गोष्ट विसरलेली माणसेसुद्धा, त्यांनी गावोगावच्या माजघरांतून आणि माळ्यांवरून गोळा केलेले दिवे, दौती आणि अडकित्ते पाहावयास आवर्जून जातात, आणि तो सारा संग्रह त्यांनी १९७५ साली सरकारच्या स्वाधीन केला म्हणून त्यांचे नाव कृतज्ञतेने घेतात. पिस्तुलांचा संग्रह करणाराच्या नशिबी ही कृतज्ञता नाही. त्याच्या कपाटाकडे पाहणाराच्या नजरेत कुतूहलाइतकीच धास्ती असते, आणि ती धास्ती सर्वस्वी अनाठायी आहे असे मलाही म्हणवत नाही. त्यातून तो संग्राहक निकेलचा मुलामा दिलेल्या पिस्तुलांचा असेल तर प्रकरण आणखी बिकट. कारण मग खुद्द त्याच्या बिरादरीतही त्याची गणना किंचित हलक्या श्रेणीत होते. निळसर काळ्या झिलईचे हत्यार सैनिकाचे, शिकाऱ्याचे, गंभीर प्रकृतीच्या माणसाचे. आणि पांढरे चकचकीत हत्यार जुगाऱ्याचे, नाटक्याचे, भपकेबाजाचे, असा एक समज तेथे रूढ आहे. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सेनापती पॅटन यांच्या कमरेचे कोल्ट रिव्हॉल्व्हर चांदीच्या मुलाम्याचे होते आणि त्याची मूठ हस्तिदंती होती. ती मूठ शिंपल्याची आहे असे कोणी म्हटले की त्यांच्या अंगाचा तिळपापड होत असे, यावरून या बाबतीतली प्रतिष्ठेची उतरंड किती बारीक पायऱ्यांची आहे ते ध्यानात येईल.

माझे एक स्नेही या हलक्या श्रेणीतले आहेत आणि तेथेच राहण्यात त्यांना मोठा संतोष आहे. मुंबईस रसायनशास्त्राचे शिक्षण संपवून ऐन तारुण्यात ते अमेरिकेस गेले, आणि कनेक्टिकट नदीच्या काठी कारखानदारीचा जो जुना पट्टा आहे तेथे, धातूंवर मुलामा चढविण्याच्या खात्यात, त्यांची सारी उमेद खर्ची पडली. हा पट्टा म्हणजे अमेरिकन हत्यारांचे माहेरघर. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांचा कारखाना. आणि तेथून नदीच्या प्रवाहाबरोबर पंचवीसेक मैल खाली उतरले की हार्टफर्ड, जेथे सॅम्युएल कोल्ट यांच्या जुन्या कारखान्यावरचा निळा, सोनेरी ताऱ्यांचा, कांद्याच्या आकाराचा घुमट हमरस्त्यावरून अद्याप दिसतो आणि विटांच्या त्या रुक्ष इमारतीवर रशियातल्या एखाद्या देवळाचे शिखर कोणी विनोदाने ठेवून गेला असावा असा भास होतो. या दोन शहरांच्या अधेमध्ये स्नेह्यांचे घर आहे. नेमबाजीची त्यांना मुळीच आवड नाही, आणि बंदुकीचा आवाज झाला की ते आजही दचकतात. ते निकेलच्या वाटेने पिस्तुलांकडे आले. हा क्रम लक्षात ठेवला नाही तर त्यांच्या छंदाचा अर्थ लागावयाचा नाही.

त्यांनी मला प्रथम दाखविले ते स्मिथ अँड वेसनचे .३८ बोअरचे, पाच काडतुसांचे, खिशात मावणारे एक लहान रिव्हॉल्व्हर. सुती हातमोजे चढवून त्यांनी ते फडक्यातून बाहेर काढले, आणि इतर काही बोलण्यापूर्वी वरची खटकी दाबून नळी खाली झुकविली. त्याबरोबर फिरत्या चक्राच्या मध्यातून काडतुसे वर ढकलणारी चांदणी उचलली गेली आणि पाचही घरे रिकामी असल्याची आम्हां दोघांची खात्री झाली. या हत्याराचा घोडा बाहेरून दिसत नाही, तो सांगाड्याच्या आत झाकलेला असतो. आणि मुठीच्या पाठीला एक पट्टी आहे, ती तळव्याने आवळल्याखेरीज चाप ओढला जात नाही. १८८७ साली हा घाट बाजारात आला आणि १९४० पर्यंत टिकला. पण स्नेह्यांचे बोट यांपैकी कशावरच नव्हते. नळी, चक्र, सांगाडा, सारे पांढरे होते. पांढरे म्हणजे कोरे पांढरे नव्हे, त्यात साजूक पिवळसर अशी एक ऊब होती, जी क्रोमियमच्या थंड निळसर चकाकीत कधीच आढळत नाही. त्या सगळ्या पांढरेपणात चापाभोवतीची कमान मात्र निळसर काळी होती, आणि चापावर हाडांच्या कोळशात भाजलेल्या पोलादावर उठतात तसे फिके मोरपंखी रंग होते.

“ही कमान निकेलची असती तर हे पिस्तूल मी घेतले नसते,” ते म्हणाले. कारखान्याचा शिरस्ताच तसा होता. या जातीच्या रिव्हॉल्व्हरांना निकेलचा मुलामा देताना चापाची कमान त्यांतून वगळून ती निळी करीत, आणि घोडा व चाप यांना कोळशाच्या भट्टीचे रंग राहू देत. पुढे पन्नास-साठ वर्षांनी ज्याच्या हातात ते पिस्तूल झिजून, पोपडे उडून आले आणि ज्याने ते गावातल्या एखाद्या मुलामेवाल्याकडे नव्याने चकचकीत करावयास दिले, त्याला हा शिरस्ता कोठून ठाऊक असणार? त्या मुलामेवाल्याने सांगाड्याबरोबर कमान बुडविली, चाप बुडविला, हाताला लागेल ते सारे बुडविले, आणि आपल्या कामावर बेहद्द खूश होऊन ते परत केले. नकली माल बहुधा असा आपल्या उत्साहानेच पकडला जातो.

येथे निकेलचा थोडा पूर्वेतिहास सांगितला पाहिजे, कारण त्यात एक योगायोग आहे आणि तो मला फार आवडतो. रिव्हॉल्व्हरच्या चक्राला आरपार भोके पाडून त्यांत मागल्या बाजूने काडतुसे भरण्याची कल्पना रॉलिन व्हाइट या कारागिराच्या नावे १८५५ च्या एप्रिलात पेटंट झाली होती, आणि दर पिस्तुलामागे पंचवीस सेंट देण्याच्या करारावर ती स्मिथ आणि वेसन यांनी आपल्याकडे बांधून घेतली होती. कराराची मेख अशी की पेटंटाच्या रक्षणासाठी जे दावे लढवावे लागतील त्यांचा खर्च व्हाइटने सोसावयाचा. दावे होत राहिले, पंचवीस-पंचवीस सेंट वकिलांच्या घरी गेले. मुदत संपल्यावर बिचाऱ्याने काँग्रेसकडे दाद मागितली, काँग्रेसने मेहेरबानीचे विधेयक संमतही केले, आणि राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी १८७० च्या जानेवारीत ते नामंजूर करून परत धाडले. पण आपला मुद्दा मुदतीचा आहे. ती संपली ३ एप्रिल १८६९ रोजी. म्हणजे त्या दिवसापासून काडतुसांचे रिव्हॉल्व्हर बनविण्यास सगळ्यांना मोकळीक झाली. आणि त्याच साली, ३ ऑगस्ट रोजी, बॉस्टनच्या आयझॅक अ‍ॅडम्स (धाकटे) यांना धातूवर निकेलचा मुलामा विजेच्या साहाय्याने चढविण्याच्या कृतीचे पेटंट मिळाले. थोरले आयझॅक अ‍ॅडम्स छापखान्याच्या यंत्रामुळे प्रसिद्ध होते. मुलगा रसायनात रमला. निकेल चढविण्याचे प्रयत्न त्याच्या आधीही झाले होते, परंतु लेप कधी काळवंडे, कधी ठिसूळ होऊन गळून पडे. अ‍ॅडम्सने निकेल आणि अमोनियम यांच्या संयुक्त क्षाराचे द्रावण घेतले आणि त्यात भलत्या क्षारांची भेसळ होऊ नये याविषयी असा काही सोवळेपणा पाळला, की लेप सलग, घट्ट आणि वाटेल तितका जाड बसू लागला. एका वसंत ऋतूत हत्याराची बेडी तुटली, आणि ग्रीष्म सरायच्या आत त्याला अंगरखा मिळाला.

तो अंगरखा केवळ शोभेचा नव्हता. त्या काळची काळी दारू जळाली की मागे जो राखेसारखा मळ उरतो तो हवेतील ओल शोषून घेतो आणि रातोरात लोखंड खातो. खिशात बाळगलेल्या हत्याराला त्यात अंगाच्या घामाची भर. निळी झिलई म्हणजे पोलादाच्याच पृष्ठभागाचे नियंत्रित रीतीने केलेले एक पातळ भस्म, तिचा बचाव तेलावर अवलंबून. निकेल मात्र स्वतंत्र धातूचा थर असल्यामुळे पुसले की काम भागे. म्हणून दमट प्रदेशात, समुद्रकाठी, आणि हत्याराची निगा राखण्याची सवय वा सवड नसलेल्या सर्वसामान्य गिऱ्हाइकात निकेलला मागणी आली. पुढे १८७० ते १८९० या काळात लहानमोठ्या कारखान्यांनी अगदी हिणकस लोखंडाची, सवंग घडणीची रिव्हॉल्व्हरे निकेलात बुडवून आणि वर ‘ट्रॅम्प्स टेरर’, ‘रेड जॅकेट’ अशी जहांबाज नावे ठोकून ढिगाने विकली, तेव्हा त्या चकाकीची पत गेली ती गेलीच.

ती चकाकी ज्याने डोळसपणे मागितली अशा एका गिऱ्हाइकाचे पत्र मात्र जतन झाले आहे. कॅन्सस प्रांतातील डॉज सिटी या गुराख्यांच्या आणि जुगाऱ्यांच्या गावी एके काळी शेरीफ असलेल्या बॅट मास्टरसन याने जुलै १८८५ मध्ये, तेथल्या ऑपेरा हाउस नावाच्या दारूच्या गुत्त्याच्या छापील कागदावर, कोल्ट कारखान्याला मागणीपत्र लिहिले. निकेलचा मुलामा दिलेले, आखूड नळीचे, .४५ बोअरचे रिव्हॉल्व्हर हवे, स्वतःच्या वापरासाठी हवे म्हणून कामात थोडे अधिक लक्ष घालावे आणि त्याचे जादा दामही घ्यावेत, चाप अगदी हलका असावा, नळीवरची माशी नेहमीपेक्षा थोडी उंच आणि जाड असावी, मूठ गटापर्चाची, आणि नळीची लांबी रिकामी काडतुसे ढकलणाऱ्या दांडीइतकी. शिंप्याला अंगरख्याचे माप सांगणाऱ्या माणसाच्या शांतपणाने हे पत्र लिहिलेले आहे. ज्याचा जीव त्या वस्तूवर अवलंबून राहणार होता त्याने निकेल मागितले, ही एकच गोष्ट निळ्या झिलईच्या अभिमान्यांचे तोंड बंद करावयास पुरेशी आहे असे स्नेह्यांना वाटते. मला तितके वाटत नाही; कारण मास्टरसन हा मूळचाच रुबाबदार वेषाचा षौकीन, आणि माशी जाड मागणारा मनुष्य नेमकेपणाचा जितका भोक्ता असतो तितकाच प्रेक्षकांचाही नसतो असे कोणी सांगावे?

याच मास्टरसनविषयी दुसरी एक आख्यायिका आहे. उतारवयात तो न्यूयॉर्कास वर्तमानपत्रात खेळांवर लिहिणारा पत्रकार झाला, आणि त्याच्या मागे संग्राहक लागले. त्याचे ते जुने पिस्तूल विकत मिळावे म्हणून एकाने फारच पिच्छा पुरविला, तेव्हा त्याने म्हणे गहाणवटीच्या दुकानातून एक जुनाट कोल्ट पैदा केले, त्याच्या मुठीवर चाकूने खाचा पाडल्या, आणि मारलेल्या माणसांची ती मोजदाद आहे असे त्या भल्या गृहस्थाला समजू दिले. गोष्ट घडली असो वा नसो, संग्राहकाच्या स्वभावाचे निदान त्यात अचूक आहे. वस्तूपेक्षा तिच्यावरच्या खुणांवर ज्याचा जीव, त्याला खुणा पुरविणारा कोणीतरी भेटतोच.

असे फसविले जाण्याच्या भीतीतूनच प्रकारभेदांचे शास्त्र जन्माला आले असावे. बाहेरच्या माणसाला एकाच साच्यातून पडलेली वाटणारी पिस्तुले संग्राहकाच्या टेबलावर आली की जातिव्यवस्थेप्रमाणे पोटजातींत विभागली जातात. मघाशी सांगितलेल्या त्या बिनघोड्याच्या .३८ चेच पाच भेद मानतात, आणि ते मुख्यतः नळी मोकळी करणाऱ्या खटकीवरून: पहिल्या भेदात ती बाजूला सरकते, पुढे ती अंगठ्याने दाबावयाची झाली, चौथ्यात तिला दोन्ही बाजूंना खरबरीत बोंडे आली, आणि पाचव्यात नळीवरची माशी वेगळी न बसविता नळीबरोबरच घडविलेली आली. कोल्टचे १९०३ सालचे .३२ बोअरचे खिशातले पिस्तूल घ्या. सुरुवातीस त्याची नळी चार इंची आणि तिच्या मुखाशी एक सुटे कडे. मग नळी पाव इंचाने आखूड झाली. मग ते कडेही गेले. १९२६ च्या सुमारास मॅगझिन काढून घेतले की चाप लागू होणार नाही अशी सोय आली. यांपैकी प्रत्येक भेद निळ्यात सापडतो तसा निकेलातही सापडतो, पण निकेलातला क्वचित. आणि क्वचित म्हटले की किंमत वाढते, किंमत वाढली की नक्कल करणारा जागा होतो.

परंतु माझे मन रमले ते रेमिंग्टनच्या दुनळी डेरिंजरवर. तळहातात झाकून जाईल एवढे हे पिस्तूल, एकावर एक अशा दोन आखूड नळ्यांचे, .४१ बोअरचे, विल्यम एलियट याच्या १८६५ सालच्या पेटंटावरून १८६६ पासून निघू लागले आणि १९३५ पर्यंत निघत राहिले. इतक्या दीर्घ काळात त्याचा घाट जवळजवळ बदलला नाही. घोडा एकदा मागे ओढला की त्याच्या तोंडचा खिळा वरच्या नळीवर आपटतो, पुन्हा ओढला की खालच्या. ही आळीपाळी साधणारी दातेरी व्यवस्था नखाएवढ्या जागेत बसविलेली आहे. जे बदलले ते नळ्यांच्या पट्टीवर कोरलेले नाव. प्रथम तेथे इलियन या गावच्या ‘ई. रेमिंग्टन अँड सन्स’ असे होते. १८८६ मध्ये त्या पेढीचे दिवाळे वाजून कारभार न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकांच्या हाती गेला आणि १८८८ मध्ये ती दुसऱ्यांनी विकत घेतली, तेव्हा तेथे ‘रेमिंग्टन आर्म्स कंपनी’ आले. आणि पुढे १९१२ च्या सुमारास काडतुसे बनविणाऱ्या भावंड कंपनीशी एकीकरण झाले तेव्हा तिची आद्याक्षरेही त्यात जोडली गेली. वारसाहक्क, दिवाळे, विक्री, विलीनीकरण, असा एका घराण्याचा सगळा फेरफार बोटभर लांबीच्या पट्टीवर वाचावयास मिळतो. अगदी पहिल्या प्रतींत काडतुसे बाहेर ओढणारी कळ नाही. संग्राहक तीच शोधत असतात. आणि या पिस्तुलाचे एक जन्मजात व्यंग आहे: नळ्या ज्या बिजागरीवर वर उचलल्या जातात तिचे कान इतके नाजूक की त्यांना हटकून तडा गेलेला असतो. डेरिंजर हातात घेणारा जाणकार चकाकीकडे बघतच नाही. तो आधी बिजागरीला भिंग लावतो.

निकेलची खरी परीक्षा मात्र भिंगापेक्षा सवयीच्या नजरेने होते, आणि ती स्नेह्यांनी मला दिव्याखाली, नमुने पुढे ठेवून शिकविली. मुलामा चढविण्यापूर्वी पोलाद घासून आरशासारखे करावे लागते, कारण निकेल काहीच झाकत नाही. खाली ओरखडा असेल तर तो वर अधिक ठळक होऊन येतो. कारखान्यातल्या कसबी माणसाने घासलेल्या सांगाड्याच्या कडा धारदार राहतात, अक्षरे खोल आणि चौकोनी राहतात, स्क्रूच्या भोकांच्या कडा सपाट राहतात. दुसऱ्यांदा मुलामा देणाराला आधी जुना उतरवावा लागतो, मग गंजाचे खड्डे घासून काढावे लागतात, आणि चाकावर धरलेल्या त्या पिस्तुलाच्या कडा साबणाच्या वडीप्रमाणे बोथट होत जातात. भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात, नावातली अक्षरे उथळ होतात, आणि जो खड्डा घासूनही निघाला नाही तो वरच्या नव्या चकाकीत, आत निकेल घेऊन, निर्लज्जपणे लकाकतो. उलट मूळच्या मुलाम्याचे म्हातारपण वेगळे असते. तो कोठे दुधाळ होतो, कोठे त्याला डोळ्याला जेमतेम दिसतील अशा रेषा पडतात, आणि ओल आत शिरली की खालच्या गंजाने त्याचे पोपडे सुटतात. काही ठिकाणी निकेलखाली तांब्याचा पातळ थर असतो. नळी साफ करावयाच्या औषधात अमोनिया असला आणि तो एखाद्या पोपड्याच्या कडेतून आत झिरपला, तर तांबे विरघळून वरचा सारा पापुद्रा निराधार होतो. निळी झिलई हळूहळू झिजते आणि ज्या हाताने ते हत्यार वागविले त्याचा ठसा उमटवून घेते. निकेल शेवटपर्यंत ताठ उभे राहते आणि मग एकदम कोसळते.

हे ऐकत असता मला राहून राहून आमच्या घरच्या कल्हईची आठवण येत होती. दारात भाता घालून बसलेल्या कल्हईवाल्याकडून पातेली दरसाल पांढरी करून घेणे हे गृहिणीच्या दक्षतेचे लक्षण, आणि कल्हई उडालेल्या भांड्यात आमटी करणे हा आळशीपणाच नव्हे तर अपराध. आजीने पहिल्या कल्हईचे पातेले जसेच्या तसे जपून ठेवले असे कोणी सांगितले असते तर आम्ही तिला वैद्याकडे नेले असते. भांडे कामाचे आहे तोवर त्याचा मुलामा पुन्हापुन्हा देणे हाच धर्म. येथे न्याय उलटा. पिस्तुलाचे काम संपले की त्याचा मुलामा पवित्र होतो, आणि मग पोपडे उडालेले मूळचे निकेल नव्या झळझळीत निकेलाच्या अनेक पट भावाने जाते. ज्या गृहस्थाने उभी हयात झिजलेल्या वस्तूंना पुन्हा चमक देण्यात घालविली त्याने निवृत्तीनंतर नेमका हाच अपराध शोधीत बसावे, यातला विनोद मी त्यांच्या ध्यानात आणून दिला तेव्हा ते हसले नाहीत. “नोकरीत मी तेच केले म्हणून तर मला ते ओळखता येते,” एवढेच म्हणाले.

डोळ्यांची साक्ष पुरेनाशी झाली की संग्राहक दप्तराकडे वळतो, आणि येथे मात्र मला, पेशवे दप्तराच्या रुमालांविषयी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला, अगदी घरच्यासारखे वाटू लागले. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या दोन्ही कारखान्यांच्या जुन्या खातेवह्या बव्हंशी टिकून आहेत. पिस्तुलाचा क्रमांक कळवून शुल्क भरले की वहीतला तपशील उतरवून पत्र येते: कोणत्या बोअरचे, नळी किती इंची, मुलामा कोणता, मूठ कशाची, कोणत्या तारखेस, कोणत्या अडत्याकडे, किती नगांच्या खेपेत रवाना झाले. वहीत ‘निळे’ आणि हातात पांढरे असे निघाले की निकाल लागला. मग ते पांढरेपण कितीही जुने असो. स्मिथ अँड वेसनमध्ये तर पिस्तूल दुरुस्तीस परत आले आणि कारखान्यानेच त्याला नवा मुलामा दिला, तर क्रमांकाजवळ एक चांदणी ठोकण्याची पद्धत होती, म्हणजे फेरफाराचीही नोंद. या पत्रांना सनदेचे मोल आहे. बाजारात पिस्तुलाबरोबर पत्र नसेल तर घासाघीस होते, पत्र असेल तर बोली लागते. आणि स्नेह्यांच्या कपाटात पत्रांची पेटी पिस्तुलांच्या कप्प्याहून अधिक काळजीने, ओलावा शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवलेली आहे.

कायद्याच्या लेखीसुद्धा वस्तूचे स्वरूप अखेर कागदच ठरवितो. अमेरिकेच्या मध्यवर्ती कायद्याप्रमाणे १८९८ साली किंवा तत्पूर्वी बनलेले हत्यार पुराणवस्तू, आणि त्यानंतरचे ते शस्त्र. स्मिथ अँड वेसनच्या .४४ बोअरच्या एका दुहेरी चालीच्या रिव्हॉल्व्हरचे सांगाडे सगळे त्या सीमारेषेच्या अलीकडे घडून पडलेले होते आणि त्यांची विक्री नव्या शतकातही बरीच वर्षे चालू होती. तेव्हा १९१० साली दुकानातून नवे कोरे घेतलेले ते हत्यार कायद्याच्या दृष्टीने पुराणवस्तूच राहते. आपल्याकडे हा छंद असा फोफावणे शक्यच नाही. १८७८ साली लॉर्ड लिटन यांच्या अमदानीत झालेल्या कायद्याने गोऱ्यांना मोकळीक देऊन आपल्या लोकांच्या हत्यारांवर परवान्याचा जाच बसविला. स्वराज्यात १९५९ चा कायदा आला. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानेदारालाही दोहोंपेक्षा अधिक हत्यारे बाळगता येत नाहीत. कालबाह्य घाटाच्या, पुराणमूल्याच्या वस्तूंना ४५ व्या कलमात सूट आहे खरी, पण दुरुस्तीनेही चालू होणार नाही अशी ती असेल तर. त्यामुळे खंडेनवमीला तलवार पुसून तिला झेंडू वाहणारी घराणी आपल्याकडे आहेत. पण पिस्तूल म्हटले की संस्थानिकांचे शस्त्रागार किंवा पोलिसांचा मालखाना, तिसरी जागा आपल्याला सुचत नाही.

आणि मराठी मनात पिस्तुलाचे म्हणून जे एक नाव घर करून बसले आहे ते संग्रहाच्या वाटेने आलेले नाही. लंडनच्या इंडिया हाउसमधील आचारी चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या चोरकप्प्यातून सावरकरांनी १९०९ साली वीस ब्राउनिंग पिस्तुले मुंबईस धाडली, आणि त्याच वर्षीच्या २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन याला गोळ्या घातल्या. तो जॉन ब्राउनिंग म्हणजे यूटा प्रांतातील ऑग्डन गावचा बंदूकवाल्याचा मुलगा. युरोपच्या बाजारासाठी आपले आराखडे तो बेल्जियममधील कारखान्याला देत असे आणि अमेरिकेच्या बाजारासाठी कोल्टला. स्नेह्यांच्या कप्प्यात शिंपल्याच्या मुठीचे, निकेलचे, १९०३ च्या घाटाचे जे कोल्ट मखमलीवर पहुडलेले आहे ते त्याच डोक्यातून निघालेले. हे मी त्यांना सांगितले. त्यांना ते ठाऊक होते. शाळेत असताना नाशिकला आजोळी गेले की ते नाट्यगृह कोठे होते हे त्यांचे मामा दाखवीत असत. पण त्या कोल्टच्या नोंदीत त्यांनी त्याचा उल्लेख केलेला नाही, कारण त्या विशिष्ट पिस्तुलाशी त्या घटनेचा काही संबंध नाही, आणि संबंध नसलेले वैभव वस्तूला चिकटविणे म्हणजे मुठीवर खाचा पाडण्यासारखेच, असे त्यांचे मत पडले.

या मताचा मला आदर आहे, तरी माझी बेचैनी त्याने मिटत नाही. १९०१ च्या सप्टेंबरात बफलोच्या प्रदर्शनात राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांना गोळ्या घालण्यासाठी रांगेत उभा राहिलेला मनुष्य हातरुमालाखाली आयव्हर जॉन्सनचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर घेऊन आला होता. ते चारसाडेचार डॉलरांचे, कोठल्याही हार्डवेअरच्या दुकानात किंवा टपालाने घरपोच मिळणाऱ्या जातीचे होते. त्याच जातीची, त्याच भावाची पिस्तुले या कप्प्यात आहेत. त्यांतील एखाद्याने काय केले असेल याची नोंद कोणत्याच वहीत नाही. वहीची हद्द अडत्याच्या दुकानापाशी संपते. मुलामा मूळचा की नंतरचा याचा छडा इतक्या कसोशीने लावणारी ही विद्या त्या पुढच्या प्रश्नाशी येऊन एकदम मुकी होते, आणि तिला मुके राहणे सोयीचे वाटते असा मला संशय आहे. स्नेह्यांशी मी या विषयावर एकदा बोललो. त्यांनी ऐकून घेतले, पिस्तूल फडक्यात गुंडाळले, आणि चहा ठेवावयास आत गेले.

त्यांनी आपल्या संग्रहाचे जे दप्तर ठेवले आहे ते मराठीत आहे. जाड पुठ्ठ्याच्या हिशेबाच्या वह्या, त्यांत रकाने आखलेले: क्रमांक, घाट, नळी, मूठ, शिक्के, कोणाकडून घेतले, किती डॉलरला, आणि शेवटचा रकाना मुलाम्याचा, ज्यात तीनच शेरे संभवतात, मूळ, नंतरचा, संशयित. मुले तिकडेच जन्मलेली, त्यांना मराठी बोलता येते, वाचता येत नाही, आणि पिस्तुले घरात नकोत याविषयी सुनेचे व मुलीचे प्रथमच एकमत झालेले आहे. तेव्हा सगळा संग्रह लिलावाच्या पेढीकडे सोपवावयाचा ठरला आणि वह्यांचे इंग्रजी करून देण्याचे काम माझ्याकडे आले. ते करताना असे दिसले की सुरुवातीच्या वर्षांत ‘मूळ’ हा शेरा फार उदारपणे दिलेला आहे, आणि पुढे पुढे, जसजशी त्यांची नजर तयार होत गेली तसतसा, लाल शाईने तो खोडून ‘संशयित’ केलेला आहे. अशा लाल नोंदी पानोपानी आहेत. जेथे संशय आहे तेथे इंग्रजीत रकाना मोकळा सोडावा, लिलावात दोन पैसे अधिक येतील, असे मी व्यवहार म्हणून सुचविले.

“अहो, रकाना मोकळा दिसला की घेणारा तो मूळ समजून घेईल,” ते म्हणाले. “संशयितच लिहा.” आणि ज्या रेमिंग्टनवर आमचे बोलणे चालले होते ते पुन्हा एकदा बाहेर काढून, त्याची बिजागरी भिंगाखाली धरून, त्यांनी बराच वेळ पाहिले. एका कानाच्या तड्याच्या आत, जेथे निकेल पोचण्याचे कारण नव्हते, तेथे निकेल होते. म्हणजे मुलामा तड्यानंतरचा. इतकी वर्षे ते पिस्तूल ‘मूळ’मध्ये होते. त्यांनी माझ्याकडून लाल पेन मागून घेतले, शेरा बदलला, खाली तारीख घातली, आणि मी इंग्रजी प्रतीत तो बदल केला की नाही ते चष्मा वर सारून तपासून पाहिले. रेमिंग्टनांचे पान त्या दिवशी पुरे झाले. कोल्टची वही अजून व्हावयाची आहे.